फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत इंधनाचा दाब कसा तपासायचा: नवा पंप घेण्याआधी करायच्या चाचण्या

गाडी चढाला दम टाकते, ओव्हरटेक करताना मागून कोणी धरल्यासारखी होते, सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही. अशी तक्रार आली की बोट थेट फ्युएल पंपाकडे जातं. पंप बदलला जातो, चार दिवस बरे जातात आणि दुखणं परत येतं. दाब कमी होण्यामागे चोक झालेला फिल्टर, टाकीतली फाटलेली छोटी नळी, दमलेला रेग्युलेटर (दाब ठरलेल्या आकड्यावर राखणारा भाग) किंवा जळका कनेक्टर यांपैकी काहीही असू शकतं. हे सगळं गेज आणि मल्टीमीटर लावून वेगळं काढता येतं. नवख्या माणसालाही जमतं, फक्त क्रम सोडायचा नाही.

हा लेख पेट्रोलच्या पोर्ट इंजेक्शन इंजिनांसाठी आहे, म्हणजे इंजेक्टर इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा पोचवणाऱ्या नळ्यांत) फवारा मारतात ती इंजिनं. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत इथल्या चाचण्या टाकीपासून हाय-प्रेशर पंपापर्यंतच लागू पडतात. त्यापुढच्या पाइपात ५० ते २०० बार किंवा त्याहून जास्त दाब असतो. तो पाइप या गेजने तपासायचा नसतो आणि इंजिन चालू असताना सैल तर अजिबात करायचा नसतो. इतक्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते. डिझेल कॉमन रेललाही हेच लागू.

दाब नेमकं काय करतो

इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठरवतो. तेवढ्या वेळात किती पेट्रोल बाहेर पडेल ते मात्र मागच्या दाबावर अवलंबून असतं. अनेक गाड्यांत ईसीयूला हा दाब मोजताच येत नाही. तो ठरलेला आहे असं धरून हिशेब चालतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे ३ बारचा दाब २ वर आला तर पेट्रोल साधारण १८ टक्के कमी पडतं. एवढी तूट ईसीयू ऑक्सिजन सेन्सरच्या आधाराने इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून भरून काढतो. म्हणून जागेवर उभी असताना गाडी ठणठणीत वाटते आणि लोड आला की मान टाकते. आयडलिंगला दाब बरोबर दिसला म्हणून निदान संपलं असं समजणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे.

रचना दोन प्रकारची असते. रिटर्नवाल्या गाडीत रेग्युलेटर इंजिनच्या रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर) बसवलेला असतो, त्याला मॅनिफोल्डची व्हॅक्यूम नळी जोडलेली असते आणि उरलेलं पेट्रोल दुसऱ्या पाइपाने टाकीत परत जातं. रिटर्नलेस गाडीत रेग्युलेटर टाकीतच, पंपाच्या मॉड्यूलमध्ये असतो आणि इंजिनकडे एकच पाइप येतो. आपली गाडी कोणत्या प्रकारची हे आधी पाहा, पुढच्या निम्म्या चाचण्या त्यावर ठरतात.

आकडे साधारण असे असतात:
- रिटर्नवाली पोर्ट इंजेक्शन: व्हॅक्यूम नळी काढल्यावर २.५ ते ३.५ बार
- रिटर्नलेस: ३ ते ४ बार, काही गाड्यांत थोडा जास्त
- डायरेक्ट इंजेक्शनची लो-प्रेशर बाजू: बहुधा ४ ते ६ बार

१ बार म्हणजे १४.५ पीएसआय किंवा १०० किलोपास्कल. शेवटचा शब्द तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचा. तो आकडा कागदावर लिहून घेतल्याशिवाय गेजला हात लावू नका.

१. गेज लावण्याआधी लक्षणं आणि स्कॅनर

दाब कमी असेल तर लोडवर ताकद नसते, वेग वाढवताना धक्के बसतात आणि मिश्रण लीन झाल्याचे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्याचे) कोड स्कॅनरवर येतात: पी ०१७१, दोन बँकच्या (सिलिंडरच्या दोन रांगांच्या) इंजिनात पी ०१७४ सुद्धा. रेलवर प्रेशर सेन्सर असेल तर पी ००८७ येऊ शकतो. दाब जास्त असेल तर काळा धूर, पेट्रोलचा वास, काळवंडलेले प्लग आणि पी ०१७२. पंपाच्या वीजजोडणीतल्या बिघाडाला पी ०२३० असतो.

लीन कोड दिसला की फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये टक्क्यांत केलेली वाढ-घट) कोणत्या आरपीएमला वाढतो ते बघा. आयडलिंगला ट्रिम खूप वर आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्यावर येत असेल, तर मॅनिफोल्डमधून चोरटी हवा शिरतेय. पंपाच्या मागे लागू नका. उलट आयडलिंगला ठीक आणि आरपीएम व लोड वाढेल तसा ट्रिम वर चढत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय. घाण झालेला एअरफ्लो सेन्सरही असंच चित्र दाखवतो, म्हणून इथून पुढे गेज लागतो. एकाच सिलिंडरचं मिसिंग असेल तर ते इंजेक्टर, कॉइल किंवा प्लगचं काम. कमी दाबाचा फटका सगळ्याच सिलिंडरना बसतो.

आणखी एक साधी गोष्ट: तक्रार येत असतानाच टाकीचं झाकण उघडून पाहा. जोरात हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली, तर टाकीचा व्हेंट बंद आहे.

२. काय काय जवळ हवं

- ० ते ७ बारचा फ्युएल प्रेशर गेज, हवा काढायच्या बटणाचा, शक्यतो मध्ये बंद करता येणारा व्हॉल्व्ह असलेला
- तुमच्या गाडीच्या जोडाला बसणारे टी-अडॅप्टर आणि क्विक कनेक्टर सोडवायचं टूल
- मल्टीमीटर, आणि मिळाला तर डीसी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर
- रबरी नळी दाबायचा गोल कडांचा क्लॅम्प
- पेट्रोलला चालणारं, मापाच्या खुणा असलेलं भांडं आणि एक स्वच्छ काचेची बरणी
- नवे ओ-रिंग, बॅंजो बोल्ट (ज्याच्या आतून पेट्रोल वाहतं असा पोकळ बोल्ट) असेल तर नवे तांब्याचे वायसर
- सेफ्टी गॉगल, पेट्रोल सहन करणारे हातमोजे, सुती फडकी
- ड्राय पावडरचा अग्निशामक, हाताला येईल असा

टायर किंवा कॉम्प्रेशनचा गेज अडॅप्टर लावून वापरायचा मोह टाळा. त्यांचे सील पेट्रोलसाठी नसतात.

३. दाब उतरवा, मगच जोड सोडा

इंजिन बंद असलं तरी रेलमध्ये २–३ बार दाब तसाच असतो. जोड सोडला की पेट्रोल डोळ्यांत आणि गरम एक्झॉस्टवर उडतं.

इंजिन गार होऊ द्या. काम उघड्यावर किंवा दोन्ही बाजूंनी हवा खेळती असलेल्या जागी करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. जवळपास हीटर, वेल्डिंग, तारेचा बल्ब काहीही चालू नको. उजेडासाठी एलईडी टॉर्च घ्या.

फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन सुरू करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. मग दोन-तीन सेकंद पुन्हा सेल्फ मारा. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. जोडाभोवती फडकं गुंडाळून तो हळूहळू सैल करा. थोडं पेट्रोल तरीही येतंच. इंजिन सुरूच होत नसेल तर रेलवरच्या टेस्ट व्हॉल्व्हला गेजची नळी लावून बटणाने दाब भांड्यात सोडा.

४. गेज जोडणं

रेलवर टायरच्या व्हॉल्व्हसारखा टेस्ट पोर्ट असेल तर काम सोपं: टोपी काढा, गेज फिरवून बसवा. पोर्ट नसेल तर रेलला येणाऱ्या पाइपाच्या जोडावर टी-अडॅप्टर लावावा लागतो. क्विक कनेक्टर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. आतली पकड तुटली की पाइप नंतर चालत्या गाडीत निसटतो. बॅंजो बोल्टचे जुने वायसर परत वापरले की हमखास पाझरतात.

गेज बसल्यावर बॅटरी जोडा, इग्निशन ऑन करा आणि लगेच सगळे जोड बघा. ओल दिसली तर तिथेच थांबायचं. जोड कोरडे असतील तर गेजचं बटण दाबून नळीतली हवा भांड्यात काढून टाका. ही पायरी बरेचजण गाळतात. नळीत हवा राहिली की काटा थरथरतो आणि पुढची दाब टिकण्याची चाचणी फसवी येते.

५. इग्निशन ऑन: पहिला आकडा

इग्निशन ऑन केल्यावर पंप साधारण दोन ते तीन सेकंद चालतो आणि थांबतो. टाकीकडून बारीक घरघर ऐकू येते. काटा एका झटक्यात वर चढून मॅन्युअलच्या आकड्याच्या आसपास थांबायला हवा.

घरघर नाही आणि काटा हलत नाही, तर आधी फ्यूज, रिले आणि असल्यास इनर्शिया स्विच तपासा. हा स्विच अपघातात पंप बंद करण्यासाठी असतो आणि मोठ्या धक्क्यानेही उडतो. इमोबिलायझर (चोरी रोखणारी किल्लीची यंत्रणा) अडला असेल तरी काही गाड्यांत पंप चालत नाही. पंप फिरतोय पण काटा रेंगाळत, दोन-तीनदा इग्निशन ऑन-ऑफ केल्यावर वर येतो, तर एक तर रात्रीत दाब उतरलेला आहे किंवा पंपाकडून पुरेसं पेट्रोल येत नाही. यातलं कोणतं, ते आठव्या आणि नवव्या पायरीत कळेल.

६. आयडलिंग आणि व्हॅक्यूम नळी

इंजिन सुरू करा. रिटर्नवाल्या गाडीत आयडलिंगचा आकडा लिहा, मग रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून बोटाने बंद करा. दाब ०.५ ते ०.७ बारने वर जायला हवा: समजा २.४ होता तर ३ च्या आसपास. नळी परत लावली की खाली यायला हवा. काहीच फरक पडला नाही तर आधी नळीत खरोखर व्हॅक्यूम आहे का ते बोटाला जाणवतं का बघा. असेल तर रेग्युलेटर अडकलाय.

काढलेल्या नळीचं तोंड नीट बघा आणि वास घ्या. आत पेट्रोलचा ओलावा असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय आणि त्या नळीतून कच्चं पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये जातंय. काळा धूर, वाढलेलं सेवन, गरम इंजिन सुरू व्हायला होणारा त्रास, सगळ्याचा उगम तिथेच. रेग्युलेटर बदला आणि इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइलही बदला.

दाब आकड्यापेक्षा खूप जास्त असेल, तर रिटर्नचा पाइप रेग्युलेटरपासून सोडवून तात्पुरती नळी भांड्यात सोडा. दाब जागेवर आला तर टाकीकडे जाणारा पाइप कुठेतरी चेपलाय किंवा चोक आहे. नाही आला तर रेग्युलेटर.

रिटर्नलेस गाडीत आयडलिंग असो की रेस, आकडा जवळपास स्थिर राहतो. जिथे पंपाचा वेग कंट्रोल मॉड्यूल बदलतो तिथे तो गरजेप्रमाणे हलतो. स्कॅनरवर अपेक्षित दाब दिसत असेल तर गेजची तुलना त्याच्याशी करा.

७. लोडवरचा दाब

खरी परीक्षा ही. जागेवर रेस करून इंजिनला पेट्रोलची मोठी भूक लागत नाही, त्यामुळे दमलेला पंपही तिथे पास होतो.

गेजची नळी बॉनेटखालून बाहेर काढून गेज काचेवर, वायपरखाली नीट अडकवा. नळी गरम एक्झॉस्ट, बेल्ट किंवा पंख्याजवळ नको आणि बॉनेटच्या लॉकमध्ये चेपलेली नको. पेट्रोल भरलेला गेज गाडीच्या आत कधीही घ्यायचा नाही. सोबत दुसरा माणूस हवा: एकाने चालवायचं, दुसऱ्याने काटा वाचायचा. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. रिटर्नवाल्या गाडीत दाब व्हॅक्यूम नळी काढल्यावर आला होता तेवढा व्हायला हवा आणि तिथेच टिकायला हवा. टर्बो असेल तर बूस्टइतका आणखी वर. रिटर्नलेसमध्ये हलू नये. काटा सावकाश खाली घसरत गेला तर पुरवठा अपुरा आहे: पंपाच्या तळाची जाळी, फिल्टर, पंप किंवा त्याला मिळणारी वीज.

गेज बांधून रस्त्यावर नेणं शक्य नसेल तर गाडी चालवताना स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सर पाहा. पूर्ण थ्रॉटलला मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, व्हायला हवं. साध्या झिर्कोनिया सेन्सरचा व्होल्टेज ०.८ च्या वर राहण्याऐवजी ०.२ च्या खाली पडला तर इंजिन उपाशी आहे.

८. बंद केल्यावर दाब टिकतो का

इंजिन बंद करा आणि घड्याळ लावा. गरम इंजिनात आधी काटा किंचित वरही जाईल, कारण रेल तापते. त्याने गोंधळू नका. पाच मिनिटांत ०.३ बारहून जास्त उतरला तर कुठेतरी गळती आहे. सकाळी किंवा गरम इंजिन थोडा वेळ उभं राहिल्यावर लांबवर सेल्फ मारावा लागतो तो यामुळेच. कळायची सोपी खूण म्हणजे तीन-चारदा इग्निशन ऑन-ऑफ केल्यावर गाडी पटकन सुरू होणं.

गळती शोधताना रिटर्नवाल्या गाडीत हा क्रम ठेवा. पंप चालवून दाब चढवा आणि लगेच पुरवठ्याची रबरी नळी क्लॅम्पने दाबा. आता काटा टिकला तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल उलटं जाऊ न देणारी झडप) किंवा टाकीतला जोड गळतोय. नाही टिकला तर दाब पुन्हा चढवून या वेळी रिटर्नची नळी दाबा. टिकला तर रेग्युलेटर. दोन्ही बंद करूनही उतरला तर इंजेक्टर, अर्थात गेजचा जोड कोरडा आहे याची खात्री करून. प्लास्टिकचा पाइप क्लॅम्पने कधीही दाबू नका, त्याला चीर जाते. तिथे गेज सेटमधला व्हॉल्व्ह वापरा. रिटर्नलेस गाडीत एवढंच कळतं की गळती टाकीकडे आहे की रेलकडे, आणि तेवढं पुरतं.

इंजेक्टरचा संशय असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी सेल्फ मारण्याआधी प्लग काढा. एकच प्लग ओला किंवा इतरांपेक्षा काळा निघाला की गळका इंजेक्टर त्याच सिलिंडरचा.

९. प्रवाह मोजा

दाब बरोबर आणि पेट्रोल अपुरं, असं होऊ शकतं. नळाचं तोंड बोटाने बंद केलं की चिळकांडी जोरात उडते, पण बादली भरायला वेळ लागतो.

रिटर्नचा पाइप सोडवून भांड्यात सोडा. रिले काढून सॉकेटच्या ३० आणि ८७ या खुणांमध्ये फ्यूज असलेली वायर लावून पंप ३० सेकंद चालवा. बऱ्याच गाड्यांत निदान अर्धा लिटर यायला हवं. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा. रिटर्नलेसमध्ये रेलचा पाइप मोकळा सोडून मोजलं तर पंप मोकळ्या तोंडाने पळतो आणि आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. गेज सेटच्या व्हॉल्व्हने नेहमीचा दाब राखत मोजा.

आलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर म्हणजे पाणी, तपकिरी भुकटी म्हणजे टाकीतला गंज. पडताना सतत बुडबुडे दिसले तर पंप हवा ओढतोय.

प्रवाह कमी आला तर लगेच पंपाला दोष देऊ नका. फिल्टर बाहेर असेल तर तो बदलून पुन्हा मोजा. रिटर्नची रबरी नळी क्षणभर, सेकंद-दोन सेकंदच, दाबून पाहा. काटा ५ बारकडे झेपावला की सोडा. असा झेपावला तर पंपात जोर आहे आणि रेग्युलेटर पेट्रोल लवकर सोडून देतोय. जागेवरच राहिला तर दोष पंपाच्या बाजूला, पण त्या बाजूला वीजही येते.

१०. पंपाला वीज पुरेशी मिळते का

ही पायरी गाळल्यामुळे जितके चांगले पंप भंगारात जातात तितके दुसऱ्या कशामुळे जात नसतील. पंपाला दोन व्होल्ट कमी मिळाले की तो हळू फिरतो, आयडलिंगपुरता दाब देतो आणि लोडवर हार मानतो.

इंजिन चालू ठेवून, कनेक्टर न काढता, मागून पिन घालून मोजा. कनेक्टर काढून मोजलेल्या १२ व्होल्टला काही अर्थ नाही, कारण करंट वाहत नसताना कुजलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. बॅटरीचं पॉझिटिव्ह आणि पंपाचं पॉझिटिव्ह यांच्यातला फरक ०.५ व्होल्टच्या आत हवा. पंपाचं निगेटिव्ह आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातला ०.२ च्या आत. जास्त असेल तर रिलेचे संपर्क, टाकीवरचा कनेक्टर आणि अर्थची जागा या क्रमाने शोधा. कनेक्टरचं प्लास्टिक तपकिरी पडलंय का, पिन सैल झालीय का, ते बघा.

करंट मोजता आला तर उत्तम. सामान्य कारचा पंप बहुधा ४ ते ८ अँपिअर घेतो. जास्त करंट म्हणजे पुढे अडथळा आहे किंवा पंप आतून जाम होतोय. कमी करंट आणि कमी दाब म्हणजे पंप झिजलाय, पेट्रोलच ओढू शकत नाहीये किंवा वायरिंगमध्ये रोध आहे. पंपाला कंट्रोल मॉड्यूल असेल तर मल्टीमीटरवर ७–८ व्होल्टही दिसू शकतात आणि ते तिथे योग्य असतात.

११. मॉड्यूल बाहेर काढल्यावर

टाकी पूर्ण भरलेली असताना मॉड्यूल उघडू नका. बाहेर काढलं की पंपापासून वरच्या झाकणापर्यंतची छोटी नळी वाकवून बघा. तिला बारीक चीर असेल तर पेट्रोल टाकीतल्या टाकीतच परत पडतं, पंप घरघरतो आणि दाब येत नाही. रेग्युलेटरचा ओ-रिंग कडक झाला तरी हेच होतं. या दोन्ही गोष्टी पंपाशिवाय सुट्या बदलता येतात. नवी नळी घेताना पेट्रोलमध्ये पूर्ण बुडून राहण्यासाठीचीच घ्या. साधी फ्युएल नळी बाहेरून फुगते आणि काही महिन्यांत सुटते.

तळाची जाळी नव्या पंपासोबत बदलायचीच. काढलेला फिल्टर इनलेटच्या तोंडाने पांढऱ्या भांड्यात उलटा करा. गंज किंवा माती पडली तर टाकी धुतल्याशिवाय नवा पंप बसवू नका, तोही तसाच जाईल. नवा फिल्टर बाणाची दिशा बघून लावा. ओ-रिंगला ऑइलचं बोट लावून बसवा आणि झाकणाचा मोठा सील नवाच टाका.

सगळं जोडून झाल्यावर इग्निशन चार-पाचदा ऑन-ऑफ करून दाब चढवा आणि प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवा. मग इंजिन सुरू करा. सहावी, सातवी आणि आठवी पायरी पुन्हा करून नवे आकडे जुन्यांशेजारी लिहा. कोड पुसा, फ्युएल ॲडाप्टेशन (ईसीयूने लक्षात ठेवलेले जुने ट्रिम) रीसेट करा, शे-दीडशे किलोमीटरनंतर ट्रिम पाहा. उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत आले असतील तर काम झालं. तेवढ्यावर आले नाहीत आणि लोडवरचा दाब मात्र स्थिर असेल, तर पंपाचा नाद सोडून एअरफ्लो सेन्सर आणि इंजेक्टरकडे वळा.